लष्करी वाहनांचा जीर्णोद्धार

लष्करी वाहनांचा जीर्णोद्धार म्हणजे सैन्याच्या सेवेतून बाद झालेला जुना ट्रक, जीप किंवा तत्सम मोटारवाहन पूर्णपणे सुटे करून, त्याचे निकामी भाग दुरुस्त करून अथवा बदलून, ते शक्य तितक्या मूळ स्वरूपात आणि चालू स्थितीत आणण्याचे काम होय. हे काम संग्रहालये व लष्करी कर्मशाळा करतात. पण जगभर त्याचा मोठा भाग हौशी व्यक्ती घराच्या आवारातील लहान कार्यशाळेत करतात. महाराष्ट्रात या छंदाचा विषय प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धातील जीप, डॉज, फोर्ड, शेवरले व बेडफर्ड ही वाहने आणि स्वातंत्र्योत्तर काळातील शक्तिमान ट्रक व जोंगा ही वाहने आहेत.

साध्या दुरुस्तीपेक्षा हे काम वेगळे आहे. दुरुस्तीत वाहन चालू झाले की काम संपते. जीर्णोद्धारात मात्र वाहनाचे मूळ स्वरूप कोणते, हे आधी ठरवावे लागते. कारखान्यातून बाहेर पडल्यावर लष्करात, लिलावानंतर मालवाहतुकीत किंवा शेतावर आणि शेवटी भंगाराच्या ढिगात अशी अनेक स्थित्यंतरे त्या वाहनाने पाहिलेली असतात. भारतात या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. जुन्या वाहनाला विशेष नोंदणी हवी असेल तर ते मूळ स्वरूपात असावे लागते, आणि लष्करी वाहनाचा मूळ रंग मात्र खासगी मालकाला वापरता येत नाही.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात भारत हा ब्रह्मदेश आघाडीचा पुरवठातळ होता. त्यामुळे अमेरिका, कॅनडा व ब्रिटन येथून लष्करी वाहने मोठ्या संख्येने येथे आली. मुंबई बंदरात उतरणारी बरीच वाहने सुट्या भागांच्या पेट्यांतून येत आणि येथेच जोडली जात. जनरल मोटर्सचा शिवडी येथील जोडणी कारखाना १९२८ पासून चालू होता आणि फोर्ड कंपनीचेही मुंबईत जोडणीचे काम होते. कॅनडाने युद्धकाळात आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने तयार केली. त्यांतील ‘कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न’ या नावाने ओळखले जाणारे, आखूड चपट्या नाकाचे ट्रक ब्रिटिश भारतीय सेनेत सर्वत्र दिसत. फोर्डच्या कॅनेडियन चासीवर भारतात बनवलेला चिलखती सांगाडा बसवून ‘इंडियन पॅटर्न कॅरियर’ नावाची चाकांची चिलखती गाडीही याच काळात तयार झाली.

विलीज व फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून १९४१ ते १९४५ या काळात सुमारे ६ लाख ४० हजार जीप बनवल्या. जनरल मोटर्सच्या अडीच टनी, तीन आसांच्या आणि सर्व चाकांना जोर देणाऱ्या ट्रकची संख्या साडेपाच लाखांच्या पुढे होती. लेडो मार्गावरील वाहतुकीत हा ट्रक प्रमुख होता.

युद्ध संपल्यावर लष्कराला नको असलेली वाहने सरकारने विकायला काढली. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून मराठीत रूढ झाला. डिस्पोजलच्या ट्रकवर लाकडी हौदा बांधून तो मालवाहतुकीला लावणे, जीपला छप्पर व लांब बाके जोडून तिच्यातून प्रवासी नेणे, हे उद्योग पुढील दोन-तीन दशके चालले. सर्वच वाहने मात्र लगेच विकली गेली नाहीत. स्वतंत्र भारताच्या सेनेची वाहतूक आरंभीची काही वर्षे याच वाहनांवर होती. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळातील हैदराबादवरील पोलीस कारवाईत मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखालील मुख्य फौज सोलापूरहून निघाली आणि तिने पहिल्याच दिवशी नळदुर्ग ताब्यात घेतले. ही हालचाल महायुद्धकाळातील रणगाडे व मोटारवाहने यांच्या बळावरच झाली. आजचा हिंगोली जिल्हा, आणि पुढे पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण जेथे झाले तो परिसर, तेव्हा परभणी जिल्ह्यात, म्हणजे हैदराबाद संस्थानात होता. मराठवाड्याच्या मुक्तीचा इतिहास असा या वाहनांशी जोडलेला आहे. मुक्तिसंग्रामावरील लेखनात मात्र त्यांचा उल्लेख क्वचितच येतो.

मुंबईतील कारखाने व सुटे भाग

आज कोणते युद्धकालीन वाहन सहज उभे करता येते आणि कोणते नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी १९५० च्या दशकातील औद्योगिक धोरणात सापडते. केवळ परदेशी भाग जोडणाऱ्या कंपन्यांना पुढे वाव देऊ नये, प्रत्यक्ष उत्पादनाची योजना असलेल्यांनाच परवानगी द्यावी, असे धोरण १९५३ मध्ये जकात आयोगाच्या शिफारशीनंतर सरकारने स्वीकारले. त्यानंतर जनरल मोटर्स व फोर्ड यांनी मुंबईतील जोडणी बंद केली. त्यांच्या युद्धकालीन ट्रकना येथे वारस उरला नाही. फोर्डचे आठ सिलिंडरचे इंजिन किंवा शेवरलेचा जुना गिअरबॉक्स यांचे भाग आज परदेशातून मागवावे लागतात किंवा दुसऱ्या मोडक्या गाडीतून काढावे लागतात.

जीप आणि डॉज यांचे तसे झाले नाही. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने मुंबईत माझगाव येथे विलीज जीपची जोडणी सुरू केली आणि पुढे तिचे भागही येथेच बनू लागले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ला येथील कारखान्यात क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज व फार्गो ट्रक काढले. त्यांतील सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन युद्धकालीन पाऊण टनी डॉजच्या इंजिनाच्याच कुळातील होते. बेडफर्डच्या युद्धकालीन ट्रकमध्येही नागरी ट्रकसारखेच साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन असे. राज्य परिवहनाची १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेली पहिली बस बेडफर्डची होती, त्यामुळे ही जात महाराष्ट्रातील मिस्त्रींच्या हाताखालून आधीच गेलेली होती.

या सोयीची दुसरी बाजूही आहे. भाग सहज मिळत असल्यामुळे युद्धकालीन जीपमध्ये महिंद्रचे भाग बसत गेले आणि मूळ भाग भंगारात गेले. त्यानंतर डिझेल इंजिने आली. पेट्रोलचा खर्च परवडेना तेव्हा असंख्य मालकांनी मूळ इंजिन काढून ट्रॅक्टरच्या जातीचे इंटरनॅशनल बी-२७५ आणि पुढे प्यूजोचे डिझेल इंजिन बसवले. डॉज व फार्गो ट्रकमध्ये पर्किन्सचे डिझेल इंजिन आले. या बदलांमुळेच ती वाहने आणखी वीस-पंचवीस वर्षे कामात राहिली, अन्यथा ती केव्हाच कापली गेली असती. मूळ इंजिनासह टिकलेली जीप आज दुर्मीळ आहे, त्याचे मुख्य कारण हे होय.

वाहनाची ओळख

काम हाती घेण्यापूर्वी वाहन नेमके कोणते आहे हे ठरवावे लागते. जुनी महिंद्र जीप हिरव्या रंगात रंगवून ‘महायुद्धातील’ म्हणून दाखवली जाणे नेहमीचे आहे. युद्धकालीन जीपच्या पुढील जाळीत नऊ उभ्या फटी असतात, नागरी जीपच्या जाळीत सात. युद्धकालीन जीपचे दिवे जाळीच्या आत, लहान आणि बिजागरीवर असतात. ते उलटे फिरवून रात्री इंजिनावर उजेड पाडता येतो. तिला मागे उघडणारे फळके नसते, मागच्या सपाट पत्र्यावर जादा चाक असते. डाव्या बाजूच्या पत्र्याला कुऱ्हाड व फावडे अडकवण्यासाठी खोबणी असते. तिचे चक्र डावीकडे असते. महिंद्रने दीर्घकाळ बनवलेल्या सीजे-३बी जातीचे बोनेट उंच असते, कारण तिच्या इंजिनात हवा आत घेणारी झडप माथ्यात आहे. युद्धकालीन इंजिनात दोन्ही झडपा सिलिंडरच्या बाजूला, ठोकळ्यातच असतात.

विलीज आणि फोर्ड यांच्या जीप दिसायला सारख्या असल्या तरी चासीवरून त्या ओळखता येतात. विलीजचा पुढचा आडवा दांडा नळीचा आहे, फोर्डचा उलट्या नाल्याच्या आकाराचा. फोर्डने आपल्या बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा ‘एफ’ हे अक्षर उमटवले होते. विलीजचा चासी क्रमांक पुढच्या डाव्या दांड्याच्या आतील बाजूस पट्टीवर असतो, फोर्डचा दांड्याच्या वरच्या अंगावर ठोकलेला असतो. पट्टी सहज काढता येते व दुसऱ्या गाडीला लावता येते, त्यामुळे ठोकलेला क्रमांक अधिक विश्वसनीय मानला जातो.

कॅनेडियन ट्रकच्या नावातच त्याची माहिती असते. पहिले अक्षर निर्मात्याचे, नंतरचा आकडा वाहनक्षमतेचा. हा आकडा हंड्रेडवेट या मापात असतो. एक हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड किंवा सुमारे ५१ किलो. ‘सी-६०-एल’ म्हणजे शेवरलेचा तीन टनी, लांब चासीचा ट्रक. १९४१ च्या अखेरीपासून आलेल्या तेराव्या क्रमांकाच्या केबिनची समोरची काच तळाकडून आत झुकलेली असते. काचेवरील चकाकी विमानातून दिसू नये हा त्यामागील हेतू.

भारतीय सेनेच्या नोंदणी क्रमांकात वर टोक असलेला बाण असतो आणि त्यानंतरचे दोन आकडे वाहन सेवेत आल्याचे वर्ष दाखवतात. जुना क्रमांक रंगाच्या थराखाली सापडला तर वाहनाचा पुढील शोध पुष्कळ सोपा होतो.

घरगुती कार्यशाळेतील काम

जीपचे वजन सुमारे १,१०० किलो असते व ती एका मोटारीच्या जागेत सुटी करता येते. तीन टनी ट्रकचे तसे नाही. नुसते इंजिन उचलायलाच चेन पुली आणि तिला पेलणारी लोखंडी तुळई लागते, आणि काढलेले भाग ठेवायला ट्रकच्या दुप्पट जागा लागते. घरगुती कार्यशाळेत अर्ध्यावर सोडून दिलेल्या कामांमागे पैशापेक्षा जागेची अडचण अधिक वेळा असते. पक्की सपाट जमीन, चासी पेलणाऱ्या मजबूत घोड्या, पावसापासून आडोसा आणि वेल्डिंगसाठी पुरेशी वीज या किमान गरजा आहेत. वाहन केवळ जॅकवर उचलून त्याखाली शिरणे हे या कामातील अपघातांचे एक ठरलेले कारण आहे.

पाने निवडण्यातही चूक होते. अमेरिकी व कॅनेडियन वाहनांचे नट-बोल्ट इंच मापाचे आहेत, ब्रिटिश बेडफर्डचे व्हिटवर्थ मालिकेतील आणि जर्मन मूळ असलेल्या शक्तिमानचे मिलिमीटर मापाचे. अर्ध्या इंचाच्या नटाला, म्हणजे १२.७ मिलिमीटरला, १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे खाऊन टाकतो. व्हिटवर्थ पान्यावरील माप नटाचे नसून बोल्टच्या जाडीचे असते, हेही नवख्याला ठाऊक नसते.

सुटे करण्याच्या कामात नोंद ठेवणे सर्वांत महत्त्वाचे. प्रत्येक सांध्याचे काढण्यापूर्वी छायाचित्र घेतात, वायशर व शिम ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने तारेत ओवतात आणि प्रत्येक जोडणीचे बोल्ट वेगळ्या डब्यात चिठ्ठीसह ठेवतात. गाडी पुन्हा जोडायची वेळ दोन-चार वर्षांनी येते, तेव्हा स्मरणशक्तीचा उपयोग होत नाही. मोडलेला भागही टाकून देत नाहीत, कारण नवा घडवताना नमुना म्हणून तोच लागतो.

इंजिन. अनेक वर्षे बंद असलेल्या इंजिनाला सेल्फने किंवा हँडलने जबरदस्तीने फिरवणे ही पहिली मोठी चूक ठरते. सिलिंडरमध्ये गंजाने चिकटलेल्या रिंगा तुटतात व बोअरला चिरा पडतात. म्हणून प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल व पातळ तेलाचे मिश्रण ओतून काही दिवस ठेवतात आणि मग फ्लायव्हीलवरून पुढे-मागे थोडे थोडे हलवून पाहतात. जीपच्या इंजिनाचे मूळ बोअर ३.१२५ इंच, म्हणजे सुमारे ७९.४ मिलिमीटर, आणि स्ट्रोक १११ मिलिमीटर आहे, त्यापासून २.२ लिटरचे घनफळ व सुमारे ६० अश्वशक्ती मिळते. बोअर झिजले असेल तर लेथच्या कारखान्यात वाढीव मापाला रिबोअर करून मोठे पिस्टन घालतात. ठोकळा आधीच शेवटच्या मापापर्यंत गेला असेल तर स्लीव्ह ठोकून मूळ मापावर आणता येतो. महिंद्रच्या पेट्रोल इंजिनाचा तळभाग याच इंजिनातून विकसित झाला असल्यामुळे त्याचे अनेक भाग जमतात, पण सर्व नाही. डोळ्यांनी सारखे दिसणारे बेअरिंगही मोजूनच घ्यावे लागते.

जुन्या इंजिनांना आजचे पेट्रोल चालत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. जीपच्या इंजिनाचे संपीडन गुणोत्तर ६.४८ इतके कमी आहे, त्यामुळे ऑक्टेनचा प्रश्न येत नाही. २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आल्याने मंद चालणाऱ्या या इंजिनांच्या झडपांचे फारसे बिघडलेले नाही. खरी अडचण पेट्रोलमधील इथेनॉलची आहे. जुन्या जातीच्या रबराचे पडदे व नळ्या त्याने फुगतात किंवा ठिसूळ होतात, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर टाकीत पाणी धरले जाते. म्हणून पेट्रोल पंपाचा पडदा व सर्व होज पाईप इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घालावे लागतात आणि गाडी ठेवून देताना टाकी रिकामी करावी लागते. युद्धकालीन जीपची टाकी चालकाच्या आसनाखालीच असल्याने तेथील गळती विशेष धोक्याची.

पत्रा व गंज. मराठवाडा व सोलापूरकडच्या कोरड्या हवेत उभी राहिलेली गाडी वरून कळाहीन दिसली तरी तिचा पत्रा अनेकदा शाबूत असतो. कोकणात व मुंबईत रंग चांगला असूनही आतून पत्रा पोखरलेला निघतो. जीपच्या तळाशी मजबुतीसाठी बसवलेल्या पोकळ पट्ट्यांत पाणी साचते व तेथूनच तळपत्रा जातो. वाळूचा मारा करून गंज काढणे जलद असते, पण रुंद सपाट पत्रा त्याने तापून वाकतो. त्यामुळे तो मारा चासी, आस व चाके यांपुरता ठेवतात. वाळूची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असल्याने हे काम बंद गॅरेजात करत नाहीत. लहान भागांसाठी धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात बॅटरी चार्जर लावून गंज सोडवण्याची पद्धत घरी वापरता येते. त्यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून तीही उघड्यावरच करावी लागते. सडलेला पत्रा कापून त्याच जाडीचा नवा पत्रा जोडणे हाच खरा उपाय होय. पुट्टी भरून वर रंग दिला की दोन पावसाळ्यांत तेच भोक पुन्हा उघडते.

ब्रेक व चाके. युद्धकालीन जीपच्या ब्रेकला एकच मास्टर सिलिंडर व एकच तेलमार्ग आहे. एका ठिकाणी नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात, आणि गिअरपेटीजवळच्या ड्रमवर चालणारा हातब्रेक तेवढा उरतो. त्यामुळे जुनी नळी ‘चांगली दिसते’ म्हणून ठेवण्याची मुभा येथे नसते; सर्व नळ्या, रबरी होज व व्हील सिलिंडरचे रबर नवेच घालतात. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असल्याने ड्रममधील भुकटी हवेच्या फवाऱ्याने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

लष्करी वाहनांच्या बऱ्याच चाकांची रिम दोन तबकड्या बोल्टांनी एकत्र जोडून केलेली असते. टायर पंक्चर झाला तरी रणभूमीवर साध्या पान्यांनी तो काढता यावा, हा तिचा उद्देश. अशा चाकावर नटांची दोन वर्तुळे असतात. आतले नट चाक गाडीला धरतात, बाहेरचे दोन तबकड्यांना. टायरमध्ये हवा असताना चुकीचे वर्तुळ सैल केले तर तबकडी स्फोटासारखी उडते. ब्रिटिश पद्धतीत हे नट लाल रंगवत, ते याच कारणासाठी. रंगकाम करताना सर्व नट एकाच हिरव्या रंगाने माखून ही खूण पुसून टाकली जाते. हवा पूर्ण सोडून, व्हॉल्व्हचा गाभा बाहेर काढल्याशिवाय अशा चाकाच्या कोणत्याही नटाला हात लावत नाहीत.

वीज. युद्धकालीन जीप सहा व्होल्टची आहे. सहा व्होल्टवर गाडी सुरू होत नाही म्हणून बारा व्होल्टची जोडणी करून घेतली जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष बारीक तारांचा व गंजलेल्या अर्थिंगचा असतो. सहा व्होल्टला दुप्पट प्रवाह वाहतो, त्यामुळे बॅटरीपासून सेल्फपर्यंतची तार मोटारीच्या आजच्या तारेपेक्षा बरीच जाड लागते. ती घातली की मूळ जोडणी उत्तम चालते.

रंग

लष्करी वाहनावरील रंगाचे थर हा त्याचा सर्वांत बोलका पुरावा असतो, आणि जीर्णोद्धारात तोच सर्वांत आधी नष्ट होतो. कारखान्याचा मूळ मंद हिरवा, त्यावर भारतीय सेनेच्या वेगवेगळ्या काळातील छटा, मग लिलावानंतरचा नागरी रंग असे थर एकावर एक असतात. ओल्या बारीक पॉलिश पेपरने एकाच जागी हळूहळू घासत गेल्यास हे थर कड्यांसारखे उघडे पडतात. त्यांत कधी पथकाची खूण, कधी पुलाची वजनमर्यादा दाखवणारा आकडा, कधी अमेरिकी तारा मिळतो. म्हणून सर्व पत्रा खरवडण्याआधी बोनेट, दरवाजा व मागचा पत्रा या ठिकाणी ही तपासणी करून छायाचित्रे घेतात. पुराव्याचा किमान एक तुकडा, बहुधा आसनाखाली किंवा डॅशच्या मागे, तसाच ठेवण्याची पद्धत आता अनुभवी संग्राहकांत रुजली आहे.

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेचा रोखही असाच आहे. वाहन नव्यासारखे चकचकीत करण्यापेक्षा त्यातील अस्सल द्रव्य टिकवावे, बदललेले भाग ओळखता यावेत आणि कामाची नोंद असावी, असे ती सांगते. लष्करी ट्रकच्या बाबतीत हे विशेष लागू पडते, कारण असे ट्रक कारखान्यातूनही कधी चकचकीत निघालेच नव्हते. त्यांचा रंग मंदच असे आणि वेल्डिंगचे सांधे घासून लपवलेले नसत.

नोंदणी व कायदा

संरक्षण दलांच्या वाहनांची नोंदणी मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६० नुसार त्यांचे स्वतःचे प्राधिकारी करतात. वाहन संरक्षणकार्यातून बाहेर पडले की त्याला सर्वसाधारण नोंदणीची तरतूद लागू होते. लिलावात ते विकत घेणाऱ्याने विक्रीची कागदपत्रे घेऊन प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदणी करावयाची असते. जुन्या डिस्पोजल वाहनांच्या बाबतीत ही साखळी अनेकदा तुटलेली आढळते: मालक चार वेळा बदललेला, नोंदणी पुस्तक पहिल्याच्या नावावर, किंवा पुस्तकातील इंजिन क्रमांक गाडीतील इंजिनाशी न जुळणारा. कागद नसलेले वाहन घेऊन आधी जीर्णोद्धार व नंतर नोंदणी असा क्रम ठेवल्यास सगळा खर्च वाया जाण्याची शक्यता असते.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुनी, खासगी वापराची दुचाकी व चारचाकी वाहने तिच्या कक्षेत येतात. मात्र चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षांसाठी असते. नव्याने नोंदलेल्या वाहनाच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. असे वाहन प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे व देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येते, नित्याच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी नाही.

लष्करी वाहनांना ही तरतूद नीट बसत नाही. वय पहिल्या नोंदणीपासून मोजायचे असल्याने सेनेत तीस वर्षे काढून लिलावात आलेल्या गाडीचे नागरी कागदांवरील वय तिच्या खऱ्या वयापेक्षा पुष्कळ कमी दिसते. तीन आसांचा ट्रक ‘चारचाकी’ या शब्दात येतो का, हा दुसरा प्रश्न. डिझेल इंजिन बसवलेली युद्धकालीन जीप मूळ स्वरूपाच्या अटीत बसत नाही. आणि तिला पुन्हा पेट्रोल इंजिन बसवायचे तर तो बदलही अधिनियमाच्या कलम ५२ खाली परवानगी घेऊन नोंदणी पुस्तकात चढवावा लागतो.

सर्वांत मोठी अडचण रंगाची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याच्या वाहनाखेरीज इतर कोणतेही मोटारवाहन ऑलिव्ह ग्रीन रंगात रंगवता येत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने या नियमाची गरज उघड आहे. जीर्णोद्धार करणाऱ्यापुढे मात्र त्यामुळे पेच उभा राहतो, कारण ज्या रंगात ती गाडी जन्मली तोच तिला वर्ज्य ठरतो. यावर संग्राहक निरनिराळे मार्ग काढतात. कोणी वाळवंटी युद्धातील पिवळसर तपकिरी रंग निवडतात, कोणी नौदलाच्या वाहनांसारखा करडा. काही जण लिलावानंतरचा नागरी रंगच गाडीचा खरा रंग मानून तो जपतात. या तिसऱ्या मार्गात ऐतिहासिक सत्याशी तडजोड होत नाही, कारण महाराष्ट्रातील बहुतेक डिस्पोजल गाड्यांनी आपले अर्ध्याहून अधिक आयुष्य नागरी रंगातच काढले आहे.

स्वातंत्र्योत्तर वाहने

जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याखाली जबलपूर येथे बनलेला शक्तिमान ट्रक सेनेत सुमारे चार दशके मुख्य वाहन होता. त्याचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. निस्सान कंपनीच्या आराखड्यावरील, सुमारे चार लिटरच्या सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनाचा जोंगाही जबलपूरचाच. त्याचे नाव तेथील आयुध व तोफगाडा कारखान्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आले. ही वाहने केवळ सेनेसाठी बनल्याने त्यांची नागरी भावंडे जवळजवळ नाहीत. त्यांचे सुटे भाग लष्करी लिलावातील मालातूनच फुटकळ बाजारात येतात आणि तो साठा उत्पादन थांबल्यापासून आटत आहे. वयाने तरुण असूनही शक्तिमान उभा करणे महायुद्धातील जीप उभी करण्यापेक्षा कठीण पडते, ते यामुळे.

संग्रह

अहिल्यानगर, पूर्वीचे अहमदनगर, येथील रणगाडा संग्रहालय फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झाले. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल या लष्करी संस्थेने ते उभारले असून तेथे रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या चासीवरील चिलखती गाडी, व्हॅलेंटाइन व चर्चिल रणगाडे, तसेच जपानी व जर्मन लढाऊ वाहने मांडलेली आहेत. संग्रहाचा भर चिलखती वाहनांवर आहे. रसद वाहणारे साधे ट्रक कोणत्याही देशात संग्रहालयात कमीच पोहोचतात, कारण बाद झाल्यावर ते उपयोगी पडत होते आणि म्हणून विकले गेले. मुंबईतील व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया या संस्थेच्या मेळाव्यांत संस्थानिकांच्या मोटारींबरोबर युद्धकालीन जीपही येतात. मोठे ट्रक तेथवर चालवत आणणे अवघड असल्याने ते मालकांच्या आवारातच राहतात.